तीस अंशांतला पांढरा

चिनी प्रिम्युलाची एक लाल जात आहे. पंधरा-वीस अंशांत वाढवली तर ती लाल फुलते. तीस-पस्तीस अंशांत पांढरी. झाड तेच, माती तीच. एर्विन बाउर या जर्मन शास्त्रज्ञाने 1911 च्या आपल्या आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण घेतले आणि त्यातून एक गोष्ट ठामपणे मांडली. हे झाड आईबापांकडून लाल रंग घेत नाही. गारव्यात लाल, उष्म्यात पांढरे, अशी हवेला उत्तर देण्याची रीत तेवढी घेते.

म्हणजे ‘या फुलाचा रंग कोणता?’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा थर्मामीटरला विचारावा लागतो.

नगरला प्रिम्युला लावणे हा हौसेचा भाग. बी धुळीसारखे बारीक. ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे, वर माती ओढायची नाही. वीस अंशांपलीकडे उगवण मार खाते, म्हणून दिवाळीच्या आधी पेरणीचे नाव काढू नये. पौषात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा झाड सुखात असते. होळीनंतर त्याचे काही खरे नाही. ज्याला हे झाड कायमचे हवे त्याने नगर सोडावे. ज्याला त्याच्याकडून काही शिकायचे आहे त्याला नगरसारखी जागा नाही.

त्याचा एक लांबचा भाऊबंद मात्र सह्याद्रीत सुखाने नांदतो. वावडिंग. अलीकडच्या वर्गीकरणात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला प्रिम्युलाच्या कुळात नेऊन बसवले. फुले इवलीशी, पांढुरकी. रंगाची कसली भानगडच नाही. पोरांच्या पोटातले जंत पाडण्यापुरते नाव कमावले आणि तेवढ्यावर ते समाधानी आहे.

बाउरच्या प्रयोगात आणखी एक बारकावा होता. गार जागेतले झाड उबेत नेले तरी पुढचे काही दिवस उमलणारी फुले लालच निघतात. पांढरी येतात ती त्यानंतरची. उलट नेले तर उलटे. पाकळीचा रंग कळीच्या एका ठरावीक वयात ठरतो, आणि त्या वयात कळी मिटलेली असते. आज उमललेले फूल सरून गेलेल्या दिवसांची हवा दाखवते. आपण आज पाणी वाढवतो, आज खत घालतो आणि रंग आजच का नाही म्हणून झाडावर चिडतो.

याच प्रिम्युलाची एक अस्सल पांढरी जातही आहे. ती थंडीत पांढरी, उष्म्यातही पांढरी. तीस अंशांच्या खोलीत ही आणि ती लाल जात शेजारी ठेवली तर फुलांच्या रंगावरून कोणती कुठली हे सांगता येणार नाही. एकीजवळ रंग नाही. दुसरीजवळ आहे, पण तो बाहेर यावा अशी हवा नाही. डोळ्यांना चष्मा लावून हा फरक कळत नाही. हवा बदलूनच पाहावी लागते.

परीक्षा घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. दसऱ्यानंतर पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. पोरे बरोबर जातात, फडाच्या कडेला कोपीत राहतात, वर्ग मागे पडतो. हंगाम संपवून परतलेल्या पोराला वाचता येत नाही, आणि शेरा पडतो: याला डोके नाही. हा शेरा तीस अंशांच्या खोलीत मारलेला असतो. तो चूकच असेल असे नाही. पण तो खरा आहे हे ठरवायला त्या खोलीत काही साधन नसते.

उलटी घाईही तितकीच वाईट. प्रत्येक पांढऱ्या फुलात लाल दडलेला आहे असे मानणारी प्रेमळ माणसे असतात. बहुधा ती पालक असतात. अस्सल पांढऱ्या जातीला गारव्यात ठेवून लालीची वाट पाहत बसणे हाही जुलूम आहे. पांढरे असणे हा काही आजार नाही.

यामागचे रसायन अवघड नाही. फुलांतले लाल, गुलाबी, जांभळे रंग बहुतेक अँथोसायनिनचे. गारव्यात ते पाकळीत चांगले तयार होते आणि टिकते. उष्म्यात तयार होणे मंदावते आणि झालेलेही मोडू लागते. झेंडूचा पिवळा-केशरी कॅरोटिनॉइडचा. तो उन्हाला फारसा जुमानत नाही. नगरजवळ अकोळनेरसारख्या फुलांच्या गावात ही दोन्ही घराणी बांधाला बांध लावून असतात. झेंडू दसऱ्याला जो रंग दाखवतो तोच ऊन तापल्यावरही दाखवतो. गुलाबी शेवंती उष्म्यात फिकी पडते. पांढऱ्या शेवंतीची तऱ्हा आणखी निराळी. कडक थंडीत तिच्यातल्या काही जातींच्या पाकळ्यांना गुलाबी झाक चढते. अस्सल पांढरा आणि परिस्थितीने पांढरा, यांच्या मधेही एक पांढरा आहे तर.

झेंडूवर विसंबता येते. पण त्याच्याकडून हवेची बातमी मिळत नाही.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण निंदेला वापरतो. भाद्रपदात भंडारदऱ्याकडचे उतार तेरड्याने गुलाबी होतात ते पाहिल्यावर, म्हण करणाऱ्याने एकच फूल खुडून घरी नेले असावे असे वाटते. शिवाय कितीतरी घरांत याच तेरड्याच्या रोपांची गौर बसवतात. तीही तीन दिवसांचीच पाहुणी: आली, जेवली, गेली. तिला कोणी चंचल म्हणत नाही.

टिकण्याला आपण फार गुण देतो. प्लॅस्टिकच्या हारालाही मग द्यावे लागतील.

हा जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण त्याची हवा एका नावात पूर्वीही मावत नव्हती. अकोले तालुक्यात घाटघरला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर कोसळतो. नगर शहराला वर्षभरात पाच-सहाशे मिळाले तरी समाधान. कळसूबाई 1646 मीटरवर ढगात, आणि शेवगाव गोदाकाठच्या सखल उन्हात. ‘नगरच्या हवेत हे येत नाही’ असे कोणी म्हणाले की विचारावे, कुठल्या नगरच्या?

मातीचेही तसेच. हायड्रेंजियाचे झाड महाबळेश्वरच्या जांभ्या, आम्ल मातीत निळ्याकडे झुकते; तेच नगरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत गुलाबी होते. निळा रंग यायला झाडाला अॅल्युमिनियम लागते. ते दोन्ही मातींत आहे. आम्ल मातीत ते विरघळून मुळाशी पोचते, चुन्याच्या मातीत अडकून बसते. असणे आणि मिळणे यांत जे अंतर असते ते बाहेरून दिसत नाही. दिसतो तो फुलाचा रंग, आणि दोष जातो झाडाला.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य कैदेत ठेवले होते. नेहरूंनी तिथे उन्हातान्हात फुलांसाठी वाफे खणले. माती फार वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याच भिंतींच्या आत 1944 मध्ये पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली, जी तेव्हा टपालात पडणारच नव्हती. पट्टाभी सीतारामय्यांनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’ लिहिले. बाउरने झाड एक ठेवून हवा बदलली; इंग्रज सरकारने नकळत उलटा प्रयोग केला. हवा एक, झाडे बारा.

पण हवा एक होती हे म्हणणेही सोपेच झाले. एप्रिल 1943 मध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच किल्ल्यात होते. त्या दिवशी शेजारच्या खोलीतले आणि त्यांच्या खोलीतले तापमान सारखे होते असे कोण म्हणेल? माणसावर हा प्रयोग करताच येत नाही. त्याची हवा बाहेरून मोजता येत नाही.

आणि माणूस निमित्त शोधतो. झाड उन्हाकडे बोट दाखवून मोकळे होत नाही. ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य दुसऱ्याबद्दल बोलताना मोठ्या मनाचे वाटते, स्वतःबद्दल बोलताना संशयास्पद. वाक्य तेच असते.

बाउरचे नाव ऐकल्याशिवाय त्याचा सिद्धांत राबवणारे लोक संगमनेर-राहाता भागात डाळिंबाच्या बागा धरतात. डाळिंबाच्या दाण्यांचा लालही अँथोसायनिनचाच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली भगवा जात आनुवंशिकतेनेच गडद, पण तिचे फळ एप्रिल-मेच्या कडाक्यात पोसले गेले तर रंग उतरतो. आता बागेला छप्पर घालता येत नाही आणि वैशाखही टाळता येत नाही. टाळता येते ते वैशाखात फळ झाडावर असणे. म्हणून बहार निवडायचा. पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडून बाग फोडायची. ती फुटण्याचा महिना शेतकरी ठरवतो. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते आणि फळ उन्हाळ्यातून जाते. मृग बहाराचे फूल पावसाळ्याच्या तोंडाशी. हस्त बहाराचे सप्टेंबर-ऑक्टोबरात. फळ थंडीत वाढते, सालीला चकाकी आणि दाण्याला गडद रंग घेऊन उतरते. जात बदलली नाही, हवा बदलली नाही, तारीख बदलली.

ही युक्ती फुकट नाही. ताण बसायला जमीन कोरडी लागते, आणि हस्त बहाराचा ताण द्यायचा तो ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमका पावसात. हलक्या मुरमाड जमिनीत तो कसाबसा साधतो. भारी काळ्या जमिनीत ओल हटत नाही. फूल कमी लागते, फळे मोजकी येतात, दर मात्र चांगला मिळतो. म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी हा बहार धरतोच. ताण अर्धा बसलेला असताना एखादी जोराची सर आली की बाग फुटते ती नुसत्या पालवीने, आणि मग हिशेबाची वही आंबे बहाराच्या पानावर उघडावी लागते.