वाटेवरचा शेजारी

मुंबईतील चर्नी रोड स्थानकापासून गिरगाव चौपाटी अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर आहे. पूल ओलांडून मरीन ड्राइव्हच्या पदपथावर उतरले की समोर अरबी समुद्र. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी सुरू केलेल्या शाळेतून वाढलेल्या विल्सन महाविद्यालयाची वास्तू चौपाटीसमोरच उभी आहे. अलीकडे वाळूवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० साली त्यांचा अंत्यविधी येथेच झाला. दिवसभर राबलेला मनुष्य संध्याकाळी घटकाभर विसाव्यासाठी या वाटेने जातो, आणि त्यात गैर काहीच नाही.

परंतु समुद्र दिसण्यापूर्वी या वाटेवर माणसे दिसतात. पायरीवर हात पसरून बसलेली वृद्धा, गजरे विकणारे मूल, ओझे टेकवून दम घेणारा हमाल, पत्ता विचारणारा परप्रांतीय. वाचकांनी आपापल्या शहरातील अशी एखादी वाट मनात आणावी. ज्यांच्याशी आपला संबंध पाच मिनिटांचाही नाही, त्यांचे आपण काही देणे लागतो काय?

आपल्या मराठी शास्त्रात ‘शेजारी’ हा शब्द आहे. मराठी मनाला शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र केवळ ‘जवळचा’ असा आहे. त्यात घर नाही, जात नाही, ओळखही नाही. लेवीय १९ व्या अध्यायात तर स्वजनांवर करावयाची प्रीती परदेशीयावरही करावी, असे स्पष्टच सांगितले आहे. लूक १० मध्ये शास्त्र्याने विचारले की आपला शेजारी कोण. प्रभूने दृष्टान्त सांगून प्रश्नच फिरवला: त्या जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला? ‘झाला’ हे क्रियापद मुळातही आहे. शेजारी मोजून काढावयाचा नसतो, आपण स्वतः शेजारी व्हावयाचे असते.

याच दृष्टान्तात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. तिघांसाठी ग्रीक शब्द एकच आहे. पहिले दोघे आंधळे नव्हते. पाहिल्यानंतर ते दुसऱ्या बाजूने गेले, एवढाच फरक.

ते का गेले, हे दृष्टान्त सांगत नाही. मात्र जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवतो. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील ४० धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना भाषणासाठी एका इमारतीतून दुसरीकडे पाठवण्यात आले. काहींचा विषय हाच दृष्टान्त होता. वाटेत एक मनुष्य वाकून, खोकत पडलेला होता. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते, त्यांपैकी शेकडा १० जणांनी मदत केली. ज्यांना सवड होती, त्यांपैकी शेकडा ६३ जणांनी. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे वचन मुखी असूनही घाई माणसाला दुसऱ्या बाजूने नेते.

येथे कोणी म्हणेल, ‘महानगरात रोज शेकडो गरजू भेटतात, प्रत्येकापाशी थांबलो तर आपले घर कसे चालेल?’ हा आक्षेप खोटा नाही, आणि दृष्टान्तातच त्याचे उत्तर आहे. शोमरोन्याने आपला प्रवास सोडला नाही. जखमा बांधल्या, एक रात्र काढली, दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी उतारशाळेच्या रक्षकाकडे दिली, परत येण्याचे वचन दिले आणि तो पुढे गेला. त्याच्या दयेला मर्यादा होती. तरी त्या मर्यादेत त्याने काही हातचे राखले नाही. सर्व जगाचे दुःख आपल्या शिरी नाही. जे आपल्या पावलाशी आले आहे, ते मात्र आहे. कधी त्यासाठी पैसा लागेल, कधी हाताचा आधार, आणि पुष्कळदा केवळ थांबून दिलेले उत्तर.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडू लागला, तेव्हा लोकांनी त्याला दटावले. प्रभू यरुशलेमेस, वधस्तंभाकडे चालला होता. त्याहून मोठे काम कोणाचे असणार? तरीही तो थांबला.

म्हणून सवड ही केवळ सोयीची बाब नाही, ती नीतीची बाब आहे, आणि ती घरातून निघतानाच ठरत असते. समुद्राकडे निघालेल्याने आपल्या वेळेतील थोडा भाग वाटेसाठी राखून ठेवावा. प्रभू आपणा सर्वांना थांबण्याची कृपा देवो.