संगीन कुणाची?

हत्यार कुणाचं असतं? ज्याच्या हातात आहे त्याचं, की ज्याची मोहोर त्यावर आहे त्याचं? कोरेगावच्या स्तंभापुढं मान ताठ करणाऱ्या आपल्या प्रत्येक पोरानं हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारला पाहिजे.

जुन्या इंग्रजी संगिनी जमवणारे शौकीन असतात. संगीन ओळखायचं त्यांचं एक शास्त्रच आहे. १९०७ च्या नमुन्याची घ्या. पहिल्या महायुद्धात ली-एन्फिल्ड रायफलीला हीच लावत. पातं १७ इंच. मुठीजवळ एका बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, १९०७ हा आकडा, मग तपासणीचा महिना-साल आणि कारखान्याचं नाव. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन. दुसऱ्या बाजूला सरकारी मालकीचा बाण आणि एक फुली. फुली म्हणजे पातं वाकवून बघितलं, मोडलं नाही. आडव्या पट्टीला आकडा असेल तर ती १९१३ पर्यंतच्या बनावटीची. पुढं बऱ्याच संगिनींचे आकडे कापून टाकले, म्हणून आकडेवाली महाग. मुठीच्या टोकाला आरपार भोक आलं १९१६ पासून, आतली घाण बाहेर पडावी म्हणून. ‘आर.एफ.आय.’ असेल तर ती बंगालातल्या इशापूर कारखान्याची. पात्यावरची खोबण रक्त वाहायला असते, हे बाजारातलं थोतांड. पातं हलकं पण ताठ राहावं म्हणून ती असते.

आता बघा. या लोखंडावर राजा आहे, कारखानदार आहे, तपासनीस आहे. कधी पलटणीचा छाप आणि नंबरही आहे. ज्यानं ती चालवली त्याचं नाव तेवढं नाही.

कोरेगावच्या स्तंभावर नावं आहेत. ‘नाक’ लागलेली, आपल्या माणसांची. १ जानेवारी १८१८ ला ती माणसं कंपनीच्या पलटणीतून लढली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. पण मधे काय झालं? लढाऊ जातींचं तत्त्वज्ञान काढून याच सरकारनं १८९० नंतर महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये विनंतीपत्र लिहावं लागलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये पुन्हा अर्ज केला. १९१७ ला युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ ला मोडली. दुसरं युद्ध पेटलं, तेव्हा १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. गरज असली की शूर, गरज संपली की अस्पृश्य.

मी गिरणीतला माणूस. मला दुसरं एक हत्यार आठवतं, धोटा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढं टाकला. ज्या हाताला संगीन चालली, त्याला धोटा चालला नाही. कारण संगीन परक्याच्या अंगात जाते, धोटा शेजाऱ्याच्या ओठाला लागतो. या व्यवस्थेला आपला मरणारा चालतो, सोबती चालत नाही.

कुणी म्हणेल, साम्राज्याच्या संगिनी देशोदेशीच्या गरिबाच्या पोटात गेल्या, त्याचा अभिमान कसला? सवाल खरा आहे, टाळू नका. माझं म्हणणं असं: मोहोर राजाची, तिचा अभिमान आपल्याला नको. धैर्य शिपायाचं, ते आपलं. आणि गावात त्याच्यापुढं दुसरं काय होतं? महारकी. येसकराची पाळी. पलटणीत निदान पगार होता, शाळा होती. रामजी सुभेदार लष्करी शाळेतच मास्तर होते. संगीन गंजून गेली. ती शाळा मात्र पुढं महाडला पोचली, घटनेला पोचली.

त्या शौकिनांचा एक नियम मला पटतो. जुनी संगीन सँडपेपरनं घासायची नाही, हलकं तेल लावायचं. घासली की खुणा जातात, मग ती कधीची, कुठली, काही कळत नाही. आपण कोरेगाव तसं घासतोय. नुसतं शौर्य चकाकतंय. भरतीबंदी, अर्ज, मोडलेली पलटण, सगळं पुसलं जातंय.

तेव्हा दोस्तांनो, आपल्या वस्तीत कुणाच्या पणजोबाचं पेन्शनबुक असेल, पदक असेल, ट्रंकेत कागद असतील, तर शोधा. नाव, गाव, पलटण, साल वहीत उतरून घ्या. संगिनीवर ते कुणी लिहिलेलं नाही. आपल्यालाच लिहावं लागेल.

जयभीम.