तोल सावरणारा बाक

गॅदरिंगच्या ब्लाउजचं माप घेताना शिंपीणबाई म्हणाली, "पोरीचा एक खांदा वर आहे हो." तिथून चौदा वर्षांची ती मुलगी मणक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

उभं करून काढलेल्या एक्स-रेत दोन बाक दिसले. छातीचा उजवीकडे, ५६ अंशांचा. कमरेचा डावीकडे, ३८ अंशांचा. निवासी डॉक्टरने लगेच बेत सांगितला, "मॅडम, दोन्ही बाक मोठे आहेत. स्क्रू आणि सळया घालून दोन्हीकडचे मणके जोडून टाकू. पुन्हा कटकट नको."

"वाकवून काढलेली फिल्म कुठाय?" मॅडमनी विचारलं. ती काढलीच नव्हती.

मुलीला टेबलावर उताणं निजवलं. "उजवीकडे वाक बाळा, अजून थोडी," तंत्रज्ञ म्हणाला. मग डावीकडे. मॅडमनी नव्या फिल्मा, पेन्सिल आणि कोनमापक निवासी डॉक्टरच्याच हाती दिले. त्याने रेघा मारल्या. छातीचा बाक ३६ अंशांवर अडला होता; कमरेचा १४ अंशांपर्यंत उतरला होता.

"डॉ. लेंके आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये वर्गीकरण मांडलं ते ह्याचसाठी," मॅडम म्हणाल्या. "वाकवूनही २५ अंश किंवा जास्त उरतो, तो बाक ताठर. कोणते बाक ताठर आहेत त्यावरून सहा प्रकार पडतात. हिचा पहिला. बाजूने काढलेल्या फिल्ममध्येही कमरेच्या वर पोक नाही. डोक्यावरचं ओझं एका खांद्यावर घेतलं की माणूस दुसरीकडे कलतो. कलणं हा त्याचा आजार नव्हे. हिची कंबर तशीच कलली आहे."

"म्हणजे कमरेला हात लावायचा नाही?"

"नाही. जोडलेला मणका पुन्हा वाकत नाही. हिला अजून सगळं आयुष्य उठायचं, बसायचं, नाचायचं आहे."

शस्त्रक्रिया छातीच्या बाकावरच झाली. वरचा भाग सावरला, तसा कमरेचा बाकही हळूहळू पुष्कळ उतरला. पुढे मुलगी मांडी घालून बसायची आणि वाकून स्वतःच पैंजण बांधायची.

तात्पर्य: वाकडं दिसलं म्हणून सरसकट दोषी धरू नये. आधी जरा वाकवून पाहावं. दुसऱ्याचा तोल सांभाळताना जो वाकला, त्याला जखडायची गरज नसते.