खोलीतला ऋतू

जुलैत अमिरातींच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फुजैरात घरातून बाहेर पाऊल टाकलं की आधी चष्म्यावर वाफ धरते. बाहेर ओमानच्या आखातावरून आलेली दमट हवा आणि चाळिशीला टेकलेला पारा, तर आत एसीचे २४ अंश. मध्ये फक्त एक दार. घरात बुटका शेफलेरा ठेवणाऱ्याने या दाराचा नीट विचार करावा. झाड राहतं फुजैरात, पण त्याचा ऋतू ठरतो खोलीत.

हे झुडूप मूळचं तैवान आणि हैनानचं. एका देठाच्या टोकाला सात ते नऊ पानं छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरतात. तैपेई आणि फुजैरा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २५ उत्तर. म्हणजे दिवस-रात्रीचं मान दोन्हीकडे सारखंच, फरक पावसाचा. तैपेईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथे एरवी हिवाळ्यातले मोजके दिवस, आणि कधी तरी २०२२ च्या जुलैसारखा पूर. पण तिकडच्या इतक्या पावसातही शेफलेराची मुळं पाण्यात बसत नाहीत. जंगलात तो जमिनीवर वाढतो, तसाच मोठ्या झाडाच्या बेचक्यातही. सर येते, मुळं चिंब होतात, पाणी निथळतं, मुळांभोवती वारा खेळतो. भरपूर भिजावं आणि मग सुकावं, ही त्याची सवय.

आता आपण काय करतो? खिडकीबाहेर रस्ता तापलेला दिसतो, जीव कळवळतो आणि आपण रोज तांब्याभर पाणी ओततो. वास्तविक झाड २४ अंशांत, पडद्याआडच्या मंद उजेडात उभं असतं. पाणी पिण्याची त्याची गती संथ असते. कुंडीतली माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, खालची पानं पिवळी-काळी पडून गळतात. पानं गळताना पाहून आपण आणखी पाणी घालतो. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही तळातून वाहीपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाकावं. बोटाला जे कळतं ते बाहेरच्या तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही.

पाणी कुठलं, हाही इथे प्रश्नच. गच्चीवरच्या टाक्या उन्हात इतक्या तापतात की उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. गीझर बंद ठेवून त्यातलंच पाणी गार म्हणून वापरायचं, हे इथल्या घराघरात चालतं. ते नळाचं पाणी थेट मुळांवर घालू नये. रात्री बादली भरून घरात ठेवावी, सकाळी वापरावी. मला त्याहून आवडतं ते एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. हवेतून निघालेलं असल्यामुळे त्यात क्षार जवळपास नसतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरत नाही. भाजीला ते वापरू नये. शोभेच्या झाडाला चालतं.

पण हे पाणी निघालं म्हणजे खोलीतली हवा तेवढी कोरडी झाली. एसीच्या झोतासमोर ठेवलेल्या शेफलेरावर लाल कोळी हटकून येतो. पान उलटून उजेडात धरलं तर शिरेलगत बारीक जाळी आणि हलणारे ठिपके दिसतात. कुंडी झोतातून हलवावी, ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसावीत. पानं चिकट लागली तर देठांवर खवले कीड शोधावी. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर हवी. पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक तिचं तोंड भाजून काढतात.

उजेडाच्या बाबतीत मात्र फुजैरा उदार आहे. समुद्र पूर्वेला, हजर पर्वत पश्चिमेला. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन येतं आणि संध्याकाळचा जाळ डोंगर लवकर अडवतात. शेफलेराला तीच खिडकी द्यावी. पिवळ्या छटेच्या जातीला उजेड जास्त लागतो. अंधाऱ्या दिवाणखान्यात साधा हिरवाच बरा.

थंड देशांतली पुस्तकं सांगतात, उन्हाळ्यात कुंडी बाहेर न्या, हिवाळ्यात आत घ्या. इथे नेमकं उलट. नोव्हेंबर ते मार्च एसी बंद असतो, खिडक्या उघड्या राहतात, आणि सावलीच्या बाल्कनीत झाड खरं वाढतं. छाटणी, नवी कुंडी, खत, सगळं तेव्हाच करावं. एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत ते घरात यावं.

राहिला प्रश्न सुट्टीचा. शाळा बंद झाल्या की कुटुंबं भारतात जातात, एसी बंद होतो, आणि ज्या खोलीच्या भरवशावर झाड होतं ती खोलीच भट्टी होते. तेव्हा कुंडी घरात ठेवू नये. जो शेजारी इथेच राहणार आहे त्याच्या एसीच्या घरात, झोतापासून दूर ठेवावी. आणि त्याला बजावून सांगावं, की बोट घालून बघा, माती ओली असेल तर पाणी घालू नका. प्रेमाने रोज पाणी घालणारा शेजारी या झाडाला विसराळू शेजाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.