आयरिश पूर्वजांचा शोध आणि मृतांवरचा हक्क

1845 ते 1852 या महादुष्काळाच्या वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. त्याआधी आणि नंतरही स्थलांतर चालूच होते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या या लोकांचे वंशज आज त्यांचा माग काढतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा एक आडनाव आणि फार तर एखाद्या काउंटीचे नाव असते. तेवढ्यावरून एका ठरावीक माणसापर्यंत पोहोचायचे असते. हे काम दप्तरांचे असले तरी त्याच्या मुळाशी धर्मविचाराचा एक जुना प्रश्न आहे: मेलेले माणूस कोणाचे असते, आणि जिवंत माणसांचा त्याच्यावर कोणता हक्क पोहोचतो? आयरिश पूर्वजांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्यांच्याविषयीच्या कितीतरी नोंदी मुळात धर्मकार्य म्हणूनच झाल्या आहेत.

गेलिक आडनावे युरोपातील सर्वांत जुन्या वंशपरंपरागत आडनावांपैकी आहेत. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. 1014 मध्ये क्लोनटार्फच्या लढाईत मारला गेलेला राजा ब्रायन बोरू याच्या वंशजांनी ओब्रायन हे नाव धारण केले. बरीच आडनावे थेट भक्तीतून आलेली आहेत. ‘गिल्ला’ म्हणजे सेवक, म्हणून मॅक गिल्ला फाड्रिग म्हणजे संत पॅट्रिकच्या सेवकाचा मुलगा. मलोन या आडनावाच्या मुळाशी संत जॉनचा मुंडित भक्त आहे. इंग्रजी सत्तेखाली ही नावे इंग्रजी कानाला ऐकू येतील तशी लिहिली गेली, काही भाषांतरित झाली, आणि हजारो कुटुंबांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ गाळून टाकले. मॅक गिल्ला फाड्रिगचे फिट्झपॅट्रिक झाले. लोहाराच्या मुलाचे नाव सांगणारे आडनाव कुठे मॅकगोवन राहिले, तर कॅव्हन काउंटीत पुष्कळदा नुसते स्मिथ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1893 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक लीगच्या काळात, अनेकांनी गाळलेला ‘ओ’ पुन्हा लावला. त्यामुळे आडनाव सारखे असले म्हणून घराणे एक ठरत नाही आणि आडनाव वेगळे असले म्हणून नाते तुटत नाही. एडवर्ड मॅक्लायसॉट यांच्या 1957 मधील ‘आयरिश फॅमिलीज’ या ग्रंथापासून आडनावांच्या अभ्यासाला शिस्त आली, पण आडनावाचा इतिहास आणि एका कुटुंबाचा इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानात विकत मिळणारे घराण्याचे मानचिन्ह पाहून भारावणाऱ्या वंशजाला हा फरक कोणीतरी सांगायला हवा.

वंशावळीचा मोह आयर्लंडला नवा नाही. मध्ययुगीन मठांतील विद्वानांनी आयरिश राजांची कुळे थेट नोहापर्यंत नेऊन भिडवली. सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या स्वारीने गेलिक समाजव्यवस्था कोसळत असताना, गॉलवे शहरात दुआल्टाख मॅक फिरबिशी यांनी वंशावळींचा प्रचंड ग्रंथ संकलित केला. त्या जगात वंशावळ म्हणजे जमिनीवरचा आणि सत्तेवरचा दावा होता. ख्रिस्ती शास्त्राची याविषयीची भूमिका दुहेरी आहे. मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने येशूची वंशावळ देतात, आणि त्या दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र मात्र न संपणाऱ्या वंशावळींत गुंतू नका, असे बजावते. पूर्वजांची आठवण ठेवणे पुण्याचे, पण त्यांच्या आधाराने स्वतःला मोठे करणे धोक्याचे, असा हा तोल आहे.

दुष्काळात देश सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांची वंशावळ कोणी लिहिलेली नव्हती. त्यांची नावे सापडतात ती पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, वह्यांत. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपिता-धर्ममातांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. वंशजांची सोय हा त्यामागचा हेतू नव्हता. बाप्तिस्म्यातून आध्यात्मिक नाते निर्माण होते, ते नाते आणि जवळचे रक्ताचे नाते विवाहाला बाधक ठरते, म्हणून कोण कोणाचे हे धर्मगुरूला ठाऊक असणे आवश्यक होते. वहीत लिहिला गेला तो संस्कार. माणूस त्याच्या निमित्ताने आला. आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध घालणारे दंडकायदे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लागू झाले, धर्मगुरू लपूनछपून मिस्सा अर्पण करीत, आणि वह्या जपणे कठीण झाले. शहरांतील काही वह्या अठराव्या शतकातल्या आहेत. ग्रामीण पॅरिशांतल्या पुष्कळ वह्या 1820 च्या दशकापासून किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात, आणि पश्चिमेकडच्या सर्वांत गरीब भागात, जिथून पुढे फार मोठ्या संख्येने लोक गेले, त्या सर्वांत उशिरा सुरू होतात.

वहीतले नावही फसवे असते. लॅटिनमध्ये लिहिणारा धर्मगुरू जेम्सला याकोबुस आणि ब्रिजेटला ब्रिगिडा करतो. घरी डिअरमिड म्हणून हाक ऐकणारा मुलगा बाप्तिस्म्याच्या वहीत जेरेमाया असतो आणि जमिनीच्या कागदात डार्बी. याउलट धर्मपिता-धर्ममातांची नावे ही या वह्यांतली अमोल गोष्ट आहे. मुलाच्या बाप्तिस्म्याला उभे राहत ते मामा, आत्या, शेजारी. न्यूयॉर्क किंवा बोस्टनमधल्या चर्चच्या वहीत पुन्हा तीच नावे मुलांच्या बाप्तिस्म्याला उभी राहिलेली दिसली, तर समुद्राच्या दोन्ही बाजूंचे हे कुटुंब एकच, असे म्हणायला आधार मिळतो. एकाच पॅरिशमध्ये पाच-सहा जॉन सलिव्हन असतील तर त्यांच्यातला आपला कोणता, हे त्याच्या नावावरून ठरत नाही. त्याच्याभोवती कोण उभे होते यावरून ठरते.

सरकारी दप्तराची कथा दुःखद आहे. 1821 ते 1851 च्या जनगणनांचे बहुतेक कागद आणि प्रस्थापित प्रोटेस्टंट चर्चच्या शेकडो वह्या 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराबरोबर जळून गेल्या. 1861 आणि 1871 च्या जनगणना सरकारनेच नष्ट केल्या होत्या आणि 1881 व 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करण्यासाठी गेल्या. संपूर्ण देशाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध जनगणना म्हणून 1901 आणि 1911 च्या राहतात. जन्म-मृत्यूची सर्वांसाठी सक्तीची सरकारी नोंद 1864 पासूनची. मधली पोकळी भरायला 1823 ते 1837 मधील धर्मकराच्या वह्या आणि 1847 ते 1864 या काळातले ग्रिफिथचे मूल्यांकन येते. त्यांत जमीन किंवा घर ज्याच्या ताब्यात होते त्याचेच नाव आहे. बायको, मुले, आश्रित आणि बिनजमिनीचे मजूर तिथे दिसत नाहीत. पलीकडच्या काठावर बोस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वृत्तपत्रातील हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती 1831 पासून जवळजवळ नव्वद वर्षे छापल्या गेल्या. माणसाचे मूळ गाव, पॅरिश, जहाज, शेवटचा ठावठिकाणा अशा त्यांतल्या तपशिलांतून दिसते की शोधाची ही आस पणतवंडांच्या आधी खुद्द भावंडांची आणि बायकांची होती.

नाव आणि माणूस यांतले अंतर किती घातक ठरू शकते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अ‍ॅनी मूरचे आहे. 1 जानेवारी 1892 रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थलांतरितांचे ठाणे उघडले आणि तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती होती कॉर्कहून ‘नेवाडा’ जहाजाने दोन धाकट्या भावांसह आलेली ही मुलगी. पुढे ती टेक्ससला गेली आणि 1923 मध्ये अपघातात वारली, असे अनेक वर्षे मानले जात होते. त्या टेक्ससच्या बाईच्या वंशजांना समारंभांना बोलावले जाई. 2006 मध्ये वंशशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिले की टेक्ससची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मलेली होती. कॉर्कची अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली, तिथेच तिचा संसार झाला, काही मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली, आणि 1924 मध्ये ती वारली. क्वीन्समधील कॅल्व्हरी स्मशानभूमीत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. तो 2008 मध्ये बसवला गेला.

सॉल क्रिप्की या तत्त्वज्ञाने 1970 च्या आपल्या व्याख्यानांत नामाविषयी जो विचार मांडला, तो इथे उपयोगी पडतो. नाव माणसाला चिकटते ते त्याच्या वर्णनामुळे नव्हे, तर पहिल्या नामकरणापासून एका बोलणाऱ्याकडून दुसऱ्याकडे पोहोचत आलेल्या साखळीमुळे, असे त्याचे म्हणणे. ‘एलिस आयलंडवर उतरलेली पहिली मुलगी’ हे वर्णन कोणत्याही अ‍ॅनी मूरला चिकटवता आले, आणि चुकीच्या बाईला चिकटवले गेलेही. साखळी मात्र एकच होती, आणि ती पुन्हा जोडायला जन्म, विवाह आणि मृत्यूची एकेक नोंद पडताळावी लागली. इथे वंशशोधाचा नैतिक गाभा उघडा पडतो. चुकीचा पूर्वज आपला मानणे ही निरुपद्रवी हौस नाही. तीत दोन माणसांवर अन्याय होतो: एकीवर दुसरीचे आयुष्य लादले जाते आणि दुसरीचे आयुष्य पुसले जाते. मृतांविषयीचे पहिले कर्तव्य प्रेम असो वा प्रार्थना, त्याआधी अचूकता हवी, कारण पत्ता चुकला तर प्रेमही भलत्याच दारी जाते.

अचूक नोंदीलाही मर्यादा आहे. 1703 पासून प्रस्थापित चर्चमध्ये गेलेल्या कॅथलिकांच्या धर्मांतराच्या याद्या ठेवल्या गेल्या. जमीन वाचावी, वकिली करता यावी, म्हणून अनेकांनी धर्म बदलला. दुष्काळात धर्मांतराच्या बदल्यात सूप घेतल्याचा ठपका गावोगाव कित्येक कुटुंबांवर बसला आणि तो पिढ्यान्पिढ्या टिकला. वहीत तारीख सापडते, चर्च सापडते. त्या माणसाने मनात काय मानले, हे सापडत नाही. म्हणून पूर्वज ‘कट्टर कॅथलिक होता’ किंवा ‘विकला गेला’ असे वहीच्या आधाराने म्हणणारा वंशज नोंदीत नसलेला निवाडा करतो.

मृतांसाठी जिवंतांनी काय करावे, यावर दोन चर्चांचा उघड मतभेद याच वह्यांवरून झाला. जोसेफ स्मिथने 1830 मध्ये स्थापन केलेल्या मॉर्मन चर्चमध्ये 1840 पासून मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील एका उल्लेखाचा तिला आधार दिला जातो. ज्याला जिवंतपणी संधी मिळाली नाही त्याला ती द्यावी, स्वीकारायची की नाही हे त्या आत्म्याने ठरवावे, अशी ही धारणा. याच श्रद्धेतून 1894 मध्ये युटाची वंशशास्त्र संस्था उभी राहिली आणि तिने जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेतली. आयरिश वंशशोधक तिचे मोठे ऋणी आहेत. तरीही एप्रिल 2008 मध्ये व्हॅटिकनने जगभरच्या बिशपांना कळवले की पॅरिशच्या वह्या या संस्थेला देऊ नयेत. ज्यांचा बाप्तिस्मा एकदा झाला त्यांच्या नावाने दुसरा होऊ देणे कॅथलिक चर्चला मान्य नव्हते.

कॅथलिकही मृतांना न विचारता त्यांच्यासाठी काही करतातच. 2 नोव्हेंबरला सर्व मृतात्म्यांसाठी मिस्सा होते आणि नोव्हेंबरभर पॅरिशमध्ये मृतांच्या नावांच्या याद्या वेदीजवळ ठेवल्या जातात. जिवंत, शुद्धिस्थानातले आणि स्वर्गातले हे सारे एकाच समागमात आहेत, या श्रद्धेवर ते उभे आहे. दोन्ही कृतींच्या मुळाशी माया आहे, पण त्यांत एक फरक आहे. प्रार्थना मृताला देवाच्या हाती सोपवते आणि त्याची ओळख जशी होती तशी राहू देते. दुसऱ्या पंथाचा संस्कार, मृताला नाकारण्याची मुभा ठेवली तरी, नव्या वहीत त्याचे नाव लिहितो. ज्या लोकांनी दीड शतक कायद्याचा जाच सोसूनही आपली जुनी वही सोडली नाही, त्यांच्या बाबतीत हा फरक क्षुल्लक नाही. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 मध्ये साधारण 1880 पर्यंतच्या कॅथलिक वह्यांची चित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. त्यामुळे नावांवर पहारा ठेवणे आता कोणत्याच चर्चच्या हाती उरलेले नाही. वापराची जबाबदारी वाचणाऱ्यावर आली आहे.

ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नाही, अशीही माणसे या कुटुंबांत होती. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना पवित्र भूमीत जागा मिळत नसे. आईबाप त्यांना बहुधा रात्री, किलीन म्हटल्या जाणाऱ्या वेगळ्या जागी, बांधाजवळ किंवा जुन्या ओसाड चर्चच्या आवारात पुरत. ती बाळे लिंबोत, म्हणजे स्वर्गाबाहेरच्या एका अवस्थेत, जातात असे शिकवले जाई. 2007 मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने, अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर आधार आहेत, असे मत मांडले. वंशशोधकाला त्यांपैकी काहींचा माग एका वेगळ्या ठिकाणी लागतो. 1911 च्या आयरिश जनगणनेत विवाहित स्त्रियांना, आणि अमेरिकेच्या 1900 व 1910 च्या जनगणनांत मातांना, किती मुले झाली आणि किती हयात आहेत असे विचारले होते. पहिला आकडा नऊ, दुसरा सहा आणि वह्यांत बाप्तिस्मे आठ असतील, तर एक मूल कदाचित बाप्तिस्म्याविना गेले, किंवा त्याची नोंद दुसऱ्या पॅरिशमध्ये आहे. दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात. तपासूनही काही हाती लागले नाही, तर वंशावळीत त्या मुलासाठी एक जागा राखून ‘अपत्य, नाव अज्ञात’ असे लिहिणे आणि शेजारी आकड्याचा आधार नोंदवणे ही योग्य रीत आहे. मृत जन्मलेली बाळे या आकड्यांतही नाहीत, कारण प्रश्न जिवंत जन्मलेल्या मुलांपुरताच होता.