रिकामी ओळ

भाषांतरकाराला रिकामी जागा फारशी सहन होत नाही. मूळ लेखक जिथे गप्प बसतो तिथे आपण हळूच एखादा शब्द सरकवतो आणि त्याला वाचकाची सोय म्हणतो. काही वर्षांपूर्वी मी ही सोय मेळघाटातल्या एका आश्रमशाळेच्या सातवीच्या मुलांसाठी केली होती.

भोपाळमधले काही विज्ञानाचे विद्यार्थी अधूनमधून तिथे जाऊन मुलांकडून प्रयोग करून घेत. त्यांच्या हिंदी कृतिपत्रिका मी मराठीत आणत असे. (निम्म्याहून अधिक मुलं घरी कोरकू बोलत, आमची हिंदी-मराठीची ओढाताण त्यांच्या दृष्टीने दोन परक्यांचं भांडण.) एक पत्रिका अशी होती : बांधावरची रोपं मुळासकट उपटा, पानांच्या शिरा आणि मुळं पाहा, तक्ता भरा. खाली प्रश्न, ‘काही संबंध दिसतो का?’ आणि एक कोरी ओळ.

मी ती भरली. ‘शिरा जाळीदार तर सोटमूळ, समांतर तर तंतुमूळ.’

माझा युक्तिवाद आजही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. शहरातल्या मुलाला उत्तर दिलं नाही तरी त्याच्याकडे गाईड आहे, शिकवणी आहे, शिकलेली आई आहे. ‘स्वतः शोध’ हे त्याला सांगणं म्हणजे खेळ. ज्याच्या हातात एवढा एकच कागद येणार आहे त्याला तेच सांगणं मला दुष्टपणाचं वाटत होतं.

हा प्रश्न जुना आहे. 1972मध्ये मध्य प्रदेशातल्या सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, पुढे जिल्हाभर पसरला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रयोग होते, प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. 2002मध्ये सरकारने तो बंद केला. मला त्यातला सवालीराम सर्वांत आवडतो. हे एक कल्पित पात्र. मुलांनी त्याला पत्रं लिहावीत, मनातलं काहीही विचारावं, आणि उत्तरं जात. म्हणजे उत्तर द्यायला त्या मंडळींची ना नव्हती. आधी मुलाने विचारावं, एवढीच अट.

मी मात्र कुणी विचारायच्या आधीच छापून मोकळी झाले होते.

त्या खेपेला मीही गेले. पावसाळा होता. मुलांनी टाकळा, तूर, मका, गवत असं काय काय आणलं आणि तक्ते माझ्या ओळीबरहुकूम भरले गेले. एका मुलीने ओढ्याकाठचा अळू आणला होता. पान जाळीदार. तिने कंद धुतला. खाली सोटमूळ नव्हतंच, नुसता तंतूंचा झुपका. तिने तसं लिहिलं, मग खालची छापील ओळ वाचली. रबर मागून घेतलं, खोडलं आणि अळू खिडकीबाहेर टाकला.

मी बाहेर जाऊन तो उचलून आणला. तिला वाटलं, कचरा केला म्हणून रागावणार.

“तू लिहिलेलं बरोबर होतं,” मी म्हटलं. “ही ओळ मी लिहिली आहे. ती अळूला लागू पडत नाही.”

तिने अळूकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. “मग परीक्षेत काय लिहायचं, मॅडम?”

परीक्षेत अळू येणार नव्हता. नियमच येणार होता आणि त्याला गुण होते. मी म्हटलं, “पुस्तकात आहे ते.”

“आणि इथे?”

“इथे तुला दिसलं ते.”

तिने मान हलवली, पण पेन्सिल उचलली नाही. जेवणाची घंटा झाल्यावर मी कागद गोळा केले. तिच्या तक्त्यात अळूची ओळ पुन्हा लिहिलेली होती, खोडलेल्या जागी नव्हे, चौकटीच्या बाहेर, बारीक अक्षरात. शेजारच्या मुलाने ती तशीच उतरवून घेतली होती.