गावामागे एक रुपया

आज मनाला रायपुरात नेऊ. शहर आहे तसंच येऊ द्या, रहदारीसकट, उन्हासकट. घाई नको. मग हळूहळू जुन्या वस्तीकडे वळा. बूढा तालाब, पुरानी बस्ती, महामायेचं देऊळ. बूढा तालाब या तळ्याच्या बाजूला एक किल्ला होता. राजा भुवनेश्वरसिंहानं तो १४६० मध्ये बांधला असं सांगतात. आज तो नाही. तट, बुरूज, दरवाजे मनात उभे करू नका. रिकामी जागा रिकामीच पाहत थोडा वेळ थांबा.

भुवनेश्वरसिंहाचं हे राज्य हैहय कलचुरींचं. स्वतःला सहस्रार्जुनाचे वंशज म्हणवणारं हे घराणं. मोठी गादी जबलपूरजवळच्या त्रिपुरीला; धाकटी पाती इकडे दक्षिण कोसलात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात आली आणि रतनपूरला रुजली. रतनपूरच्या घरातून पुढे आणखी एक पाती फुटली, ती रायपूरची. म्हणजे धाकट्याचीही धाकटी. परंपरा सांगते की शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गड रतनपूरकडे, दक्षिणेला अठरा रायपूरकडे. एका गडात चौऱ्याऐंशी गावं, बारा गावांचा एक बरहों, आणि गावावर गौंटिया, म्हणजे गावप्रमुख. प्रत्यक्षात गावांचा हिशेब इतका काटेकोर जुळत नसणारच. तरी या रचनेकडे जरा वेळ पाहा. राजा दूर आहे, गौंटिया जवळ आहे. पाऊस, भात, तळं, भांडण, सगळं बारा गावांच्या आत मिटतं.

इथे एक नाव मनात घ्या : देवपाल. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला रायपूरच्या गादीवर ब्रह्मदेव होता. त्याच्या राज्यात, खल्लारी इथे, १४१५ च्या शिलालेखात नोंद आहे की देवपाल नावाच्या मोच्यानं नारायणाचं देऊळ बांधलं. राजाची स्तुती त्या दगडावर आहे, आणि त्याच दगडावर एका मोच्याचं नाव आहे. राज्याच्या शौर्याची कथा ऐकताना आपण तलवारी शोधतो. मला मात्र या राज्याची खरी उंची इथे दिसते. हे नाव सोडून पुढे जायची घाई करू नका.

आता दिल्लीची वाट. मोगलांच्या साम्राज्यात रतनपूर म्हणजे एका टोकाला असलेली जमीनदारी. जहांगीर बादशहानं आपल्या आठवणींत लिहिलंय की शाहजादा परवेझनं रतनपूरच्या राजा कल्याणावर फौज पाठवली, त्याच्याकडून ऐंशी हत्ती आणि एक लाख रुपये घेतले आणि त्याला दरबारात हजर केलं. साल १६१९. बादशहाच्या लेखी एवढंच.

हाच प्रवास छत्तीसगडातले देवार गातात. देवार ही फिरस्त्या गायकांची जमात. त्यांच्यातही रायपुरिया आणि रतनपुरिया असे दोन भाग आहेत. गाद्या गेल्या तरी पोटजातींच्या नावांत त्या दोन राज्यांची वाटणी राहिली. त्यांचा मूळपुरुष गोपल्ला राय, राजा कल्याणसायबरोबर दिल्लीला गेलेला मल्ल. तिथे बादशहाचा पिसाळलेला हत्ती त्यानं हातांनी धरून रोखला. मग बादशहानं आपला नामांकित पैलवान त्याच्यासमोर उभा केला. गोपल्लानं त्यालाही मारलं. कल्याणसाय म्हणाला, आता विजयाचं गाणं रच आणि गा. गोपल्लानं गाणं रचलं ते महामायेचं, आपल्या देवीचं.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. एकीत ऐंशी हत्ती रतनपुराहून निघून बादशहाकडे जातात. दुसरीत बादशहाचा एक हत्ती रतनपूरच्या माणसाच्या हातात अडकून पडतो. यातली खरी कोणती, हा प्रश्न मनात येईल. येऊ द्या, पण लगेच उत्तर देऊ नका. गोपल्ला कल्पित असेलही. ज्यांच्याकडे ना जमीन होती ना गढी, अशा माणसांनी दारोदार भीक मागताना राज्याचा मान गाण्यात सांभाळला, हे मात्र कल्पित नाही.

यापुढचा भाग आपल्या जवळचा आहे, म्हणून अवघड. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन रतनपुरावर आले. राजा रघुनाथसिंह म्हातारा होता. एकुलता मुलगा गेलेला, त्या दुःखात तो बुडालेला. त्यानं लढाई दिलीच नाही. तोफांनी वाड्याचा काही भाग पडला तेव्हा एका राणीनं तटावर पांढरं निशाण लावलं, अशी हकीकत आहे. शहरावर एक लाख रुपये खंडणी बसली. आकडा पुन्हा तोच, लाखाचा. घेणारे मात्र या वेळी आपले.

पोवाडे ऐकत वाढलेलं मन इथे घाईनं निकाल देतं, की न लढणारा तो राजा कसला. त्या निकालापाशीच थांबा. मुलगा गमावलेला बाप आणि दारात उभी चाळीस हजारांची असो की चारशेंची, परकी फौज. त्याच्या जागी स्वतःला बसवू नका, ते शक्य नाही. फक्त त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. भास्करराम आपले आहेत, त्यांची धडाडी आपल्याला ठाऊक आहे. ती विसरण्याचंही कारण नाही.

रायपूरची धाकटी गादी तर आवाजही न करता गेली. १७५० मध्ये तिथला राजा अमरसिंह याला बाजूला केलं गेलं. रायपूर, राजीम आणि पाटण त्याच्याकडे ठेवले, वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या अटीवर. तो १७५३ मध्ये वारला, आणि तेही काढून घेतले गेले. पुढे बिंबाजी भोसले कारभाराला आले तेव्हा अमरसिंहाचा मुलगा शिवराजसिंह याला महासमुंदजवळचं बडगाव मिळालं, आणि रायपूर मुलखातल्या दर गावामागे एक रुपया.

एक रुपया. गौंटियाच्या हातातून निघून जुन्या राजाच्या घरी जाणारा. देणाऱ्यानं तो कोणत्या भावनेनं दिला असेल? भीतीनं नाही, भीती दाखवायला शिवराजसिंहाकडे काही उरलं नव्हतं. त्याला दयेपोटी दिलेली नेमणूक म्हणावं की अजून न मिटलेलं नातं? मी दुसऱ्याकडे झुकतो, पण तुम्ही दोन्ही धरून पाहा.

बिंबाजींनी रतनपुरात टेकडीवर रामाचं देऊळ बांधलं, तिथेच राज्य केलं. १७८७ मध्ये ते वारले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार येऊ लागले. विठ्ठल दिनकर या सुभेदारानं गडांची जुनी रचना मोडून परगणे पाडले. ज्या गडांवरून या मुलखाला छत्तीसगड म्हणतात, ते लढाईत पडले नाहीत. ते आपल्या मराठी कारभारात, कमाविसदार आणि फडणविसांच्या कागदांवर संपले. रायपूरच्या तात्यापारात, महाराष्ट्र मंडळात आज जे मराठी बोलतात, त्यांच्यातल्या काहींची घरं त्या काळापासून इथे आहेत आणि छत्तीसगडी त्यांच्याही तोंडी बसली आहे. अभिमान आणि संकोच, दोन्ही मनात आले तर एकाला हाकलू नका.

शिवराजसिंहाचा तो रुपया १८२२ पर्यंत चालला. मग त्याऐवजी त्या घराण्याला पाच गावं करमुक्त करून दिली गेली, बडगाव धरून. तोवर भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांची देखरेख बसली होती, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं नागपूरचं राज्यही खालसा केलं.